काकांचा झेंडेवाला: एका जुन्या कॉमन कार्डाचं प्रकरण

"थांब गं, आधी वाच."

काकांनी त्यांचं कार्ड उलटं फिरवून माझ्याकडं केलं आणि बोटानं एक ओळ दाखवली. मॅजिक द गॅदरिंग या कार्डांच्या खेळात मी तोवर प्लेन्स हे जमिनीचं कार्ड आडवं करून एथेरियल आर्मर हे बळ वाढवणारं कार्ड माझ्या बॉगलवर, म्हणजे माझ्या क्रीचरवर (लढणाऱ्या प्राण्यावर), ठेवून मोकळी झाले होते. ओळ वाचली, परत वाचली, आणि आर्मर उचलून पुन्हा हातात घेतलं, कारण ते तिथं ठेवणं नियमातच बसत नव्हतं. हातात पाच ऑरा, म्हणजे दुसऱ्या कार्डाला लावायची कार्डं, होत्या आणि त्यातली एकही मला माझ्या स्वतःच्या क्रीचरवर लावता येत नव्हती. समोर होतं दोन मानाचं (माना म्हणजे कार्ड टाकायचा खर्च, तो जमिनीच्या कार्डांतून निघतो), एक-एक ताकदीचं (एक मार देणारं, एक मार सोसणारं), २००१ सालचं कॉमन, म्हणजे सहज मिळणाऱ्या दर्जाचं कार्ड, ज्याचं नाव स्टँडर्ड बेअरर, आणि ते काकांनी बुटाच्या खोक्यातून शोधून आणलं होतं.

हे एकच प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट मांडायचंय. "कुठलंही कचरा कार्ड कधीतरी चालतं" असं लोक सहज म्हणून जातात आणि ते चूक आहे, कुठलंही नाही चालत. हे का चाललं, किती दिवस चाललं आणि मग का थांबलं, हे मी टेबलाच्या हरणाऱ्या बाजूनं बघितलंय त्यामुळं मला ते बारकाईनं आठवतंय.

आधी जागा आणि माणसं. कोथरूडमध्ये कर्वे पुतळ्याजवळ एका सोसायटीचा क्लबहाऊस आहे, तिथं आम्ही दहा जण रविवारी सकाळी मॅजिक द गॅदरिंग खेळतो. प्रत्येकी पन्नास रुपये, चार राउंड, मध्ये कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमधून चहा. दोघं तिघं हिंजवडीला आयटीत, दोन कॉलेजची मुलं, एक डेंटिस्ट ताई, मी, आणि काका. काका बँकेतून रिटायर झालेत, मुलगा अमेरिकेत शिकायला होता तेव्हा त्यानं जमवलेली जुनी कार्डं परत येताना बॅगेत घालून आणली आणि मग तो नोकरीत अडकला, कार्डं काकांकडं राहिली. ते आधी नुसते बघायला यायचे, आता आमच्यात सगळ्यात जास्त तयारी करून तेच येतात, वहीत प्रत्येकाचा डेक लिहून ठेवतात. ही वही पुढं महत्त्वाची आहे.

फॉरमॅट पॉपर. म्हणजे जे कार्ड कधी ना कधी कॉमन म्हणून छापलं गेलंय तेवढंच चालतं, साठ कार्डांचा डेक, पंधरा कार्डांचा साइडबोर्ड (पहिल्या गेमनंतर डेकमध्ये बदलून घ्यायची राखीव कार्डं), एकाच नावाची जास्तीत जास्त चार. ऑनलाइन हा फॉरमॅट बरीच वर्षं होता, २०१९ मध्ये कागदी कार्डांसाठीही अधिकृत झाला. आम्ही तो धरला कारण स्वस्त पडतो, बाहेरून येणाऱ्या ओळखीच्यांकडून कार्डं मागवावी लागतात आणि कॉमन मागवताना कुणाच्या खिशाला फार चाट बसत नाही. आणि तीसेक वर्षांची कॉमन कार्डं म्हणजे केवढा मोठा साठा, त्यातली बहुतेक कुणी हातात घेऊन वाचलेलीसुद्धा नाहीत.

माझा डेक बॉगल्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्लिपरी बॉगल हे एक मानाचं एक-एक क्रीचर, २००८ च्या इव्हनटाइड सेटमधलं, त्याला हेक्सप्रूफ आहे, म्हणजे समोरचा त्याला टार्गेटच करू शकत नाही. तसंच ग्लेडकव्हर स्काउट. मग त्याच्यावर एकामागून एक ऑरा चढवायच्या. एथेरियल आर्मर एका मानाचं, माझ्याकडं टेबलावर जितकी एन्चँटमेंट्स (ऑरा त्यातच मोजतात) तितकं प्लस एक प्लस एक आणि वर फर्स्ट स्ट्राइक, म्हणजे लढताना पहिला फटका आपला. रँकर, १९९९ चं, मोडलं तरी परत हातात येतं. आर्माडिलो क्लोक, जितकं डॅमेज करेल तितकं आयुष्य मला. अँसेस्ट्रल मास्क. तिसऱ्या टर्नला आठ-आठचं जनावर उभं राहतं आणि समोरच्याच्या हातातल्या सगळ्या रिमूव्हलचं, म्हणजे क्रीचर काढून टाकणाऱ्या कार्डांचं, कागदात रूपांतर होतं. बॉगल्सवर खरा उपाय म्हणजे एडिक्ट, "समोरच्यानं एक क्रीचर बळी द्यावं" या जातीचं कार्ड, कारण त्यात टार्गेट माणूस असतो, क्रीचर नाही. पण एडिक्ट काळ्या रंगात असतात आणि काका खेळतात शुद्ध पांढरा डेक, त्यांच्याकडं ते नाहीच. मी त्यांना सलग पाच रविवार हरवलं होतं. ते दर वेळी हात मिळवायचे आणि वहीत काहीतरी लिहायचे.

आता कार्ड. स्टँडर्ड बेअरर, अपोकॅलिप्स सेट, २००१. त्याच्यावर जे लिहिलंय ते मराठीत सांगायचं तर असं: समोरचा स्पेल टाकताना किंवा ॲबिलिटी वापरताना टार्गेट निवडत असेल आणि टेबलावर झेंडेवाला असेल, तर निदान एक टार्गेट तोच झाला पाहिजे, शक्य असेल तर. बास. ढोल-ताशा पथकात पुढं ध्वज नाचवणारा असतो ना, ढोल कितीही जोरात वाजत असले तरी नजर आधी त्याच्यावर जाते, तसं. हे कार्ड ज्या हेतूनं काढलं असावं तो उघड दिसतो, तुझा मोठा राक्षस मागं उभा असेल तर समोरच्याचा बाण या बिचाऱ्यानं अंगावर घ्यायचा. अंगरक्षक. आणि अंगरक्षक म्हणून ते दुबळंच आहे, दोन माना खर्च करून एक बाण वाया घालवला, यापेक्षा दोन मानात एखादं बरं क्रीचर टाकलेलं काय वाईट. म्हणून ते खोक्यात.

काकांनी ते दुसऱ्या अंगानं वाचलं. त्या ओळीत समोरच्यानं टार्गेट "कशासाठी" निवडायचं हे लिहिलेलंच नाहीये. मारायलाच निवडेल असं कुठंय? समोरचा जर स्वतःच्या क्रीचरचं भलं करायला टार्गेट निवडत असेल तर तेही झेंडेवाल्यालाच जाईल. आणि ऑरा टाकताना ती ज्याला लावायची त्याला टार्गेट करावंच लागतं. म्हणजे माझ्या डेकमधलं जवळजवळ प्रत्येक कामाचं कार्ड एका एक-एक माणसाच्या गळ्यात जाणार, आणि तोही काकांचा माणूस.

एक सांगून ठेवते, हा शोध काकांनी जगात पहिल्यांदा लावला असं नाही. ऑनलाइन पॉपर खेळणाऱ्यांना हा झेंडेवाला बरीच वर्षं माहीत आहे, पांढऱ्या डेकांच्या साइडबोर्डात तो दिसतो. पण काकांनी तो तिथं बघून आणला नव्हता, त्यांनी वही उघडली, माझ्या डेकची पानं बघितली, आणि खोकं उपसलं. उलट्या बाजूनं शोध घेतला. आपण बहुतेक जण कार्ड हातात घेतो आणि विचारतो हे कुठं चालेल, त्यांनी समोरचा काय करतो ते आधी लिहिलं आणि मग त्याला नडणारी ओळ शोधली.

तो दुसरा गेम सांगते. पहिला मी जिंकले होते, त्यामुळं काका आधी. पहिल्या टर्नला थ्रेबन इन्स्पेक्टर, येताना एक क्लू देणारं क्रीचर, जो नंतर खर्चून कार्ड ओढता येतं. मी बॉगल. दुसऱ्या टर्नला झेंडेवाला, आणि मग वर सांगितलं ते झालं. मी टर्न सोडून दिला. तिसऱ्याला त्यांनी उडणारा कोर स्कायफिशर टाकला, त्याच्यासाठी आपलं एक कार्ड परत घ्यावं लागतं म्हणून इन्स्पेक्टर हातात परत घेतला आणि उरलेल्या मानात पुन्हा टाकला, म्हणजे आणखी एक क्लू. मी परत टर्न सोडला. मनात हिशोब चालू होता की निदान आर्मर त्या झेंडेवाल्यावर टाकून हात तरी मोकळा करावा का, पण आर्मर माझी एन्चँटमेंट्स मोजतं, मी जितकी टाकेन तितका त्यांचा माणूस मोठा होणार आणि वर त्याला फर्स्ट स्ट्राइक. क्लोकची गंमत वेगळी, त्याचं आयुष्य ऑराच्या मालकाला मिळतं, म्हणजे क्लोक घातलेला झेंडेवाला मला मारेल तितकं मला परत मिळेल, तो माणूस बिनविषारी होतो. पण मला मारायला झेंडेवाला येतच नव्हता. येत होते पक्षी. चौथ्या टर्नला स्कायफिशरनं हल्ला करून झाल्यावर बॅटल स्क्रीच, दोन उडणारे पक्षी, आणि मग फ्लॅशबॅकसाठी, म्हणजे तेच कार्ड पुन्हा वापरायला, तीन पांढरी क्रीचर्स आडवी करायची असतात तर इन्स्पेक्टर, एक पक्षी, आणि तिसरा कोण, तर तोच झेंडेवाला. आणखी दोन पक्षी. तो नुसता अडवून बसला नव्हता, पांढरा आहे म्हणून मोलमजुरी पण करत होता! सहाव्या टर्नला हल्ला करणाऱ्यांना बळ देणारं रॅली द पेझंट्स, बारा आयुष्य असताना सोळाचा मार. माझ्या हातात सात कार्डं होती, त्यातल्या सहा ऑरा. मी इतक्या भरलेल्या हातानं कधी हरले नव्हते.

तिसऱ्या गेममध्ये मी आधी खेळले आणि तिथं मला एक महत्त्वाचं कळलं, फक्त उशिरा कळलं. मी आधी असल्यामुळं माझा दुसरा टर्न त्यांच्या दुसऱ्या टर्नच्या आधी येतो, त्यामुळं एक आर्मर बॉगलवर बसलं, मग झेंडेवाला आला. त्यानंतर मी युटोपिया स्प्रॉल टाकलं, ते जमिनीला लागतं, फॉरेस्टला, क्रीचरला लागतच नाही, त्यामुळं झेंडेवाल्याचा तिथं संबंध नाही आणि आर्मर आपोआप एकानं वाढलं. एवढं मला सुचलं. पण हातात कार्टूश ऑफ सॉलिडॅरिटी दोन टर्न पडून होतं आणि मी त्याला हात लावला नाही, डोक्यात बसलं होतं की ऑरा म्हणजे त्याच्याकडंच जाणार. हरल्यावर मी हात टेबलावर पसरला तेव्हा काकांनी ते कार्ड उचललं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "अगं, हे तर तुझ्याच क्रीचरला लागतं असं लिहिलंय. माझ्याला कसं लागेल?" खरंच. बाकीच्या ऑरांवर "क्रीचरला लावा" एवढंच आहे, कार्टूशवर "तुमच्या ताब्यातल्या क्रीचरला". झेंडेवाल्याच्या ओळीत शेवटी "शक्य असेल तर" आहे आणि इथं शक्यच नाही, त्यामुळं कार्टूश सरळ बॉगलवर गेलं असतं. काका तेव्हा तीन आयुष्यावर होते. कदाचित मी तरी हरलेच असते, पक्षी आडवे घालून त्यांनी वेळ काढला असता, पण मला अजून तो कार्टूशचा कागद डोळ्यांसमोर दिसतो.

आता मुद्द्यावर येते. झेंडेवाल्याच्या कामात २००१ पासून आजपर्यंत काहीही बदललं नाही. बदललं ते आजूबाजूचं. बॉगल २००८ चं, आर्मर २०१२ चं. झेंडेवाला छापला तेव्हा त्याचं खरं गिऱ्हाईक अजून जन्मालाच यायचं होतं. आपल्याकडं मेंढीकोट खेळतात तिथं हे लहान मुलाला पण कळतं, इस्पिकची दुर्री काय कामाची, पण हुकूम इस्पिकचा पडला की तीच दुर्री बदामाच्या एक्क्याला कापते. दुर्री मोठी झाली नाही, हुकूम बदलला. फरक एवढाच की मेंढीकोटात हुकूम टेबलावर सगळ्यांसमोर ठरतो, आणि इथं हुकूम बाकीचे नऊ जण आपापल्या घरी डेक बांधताना ठरवतात, कुणी कुणाला सांगत नाही. काकांच्या वहीत हुकूम लिहिलेला होता.

आमच्या दहा जणांत त्या वेळी बॉगल्स मी आणि डेंटिस्ट ताई. हिंजवडीतल्या एकाचा इन्फेक्ट, ग्लिस्टनर एल्फवर व्हाइन्स ऑफ व्हास्टवुड आणि म्यूटाजेनिक ग्रोथसारखे पंप, म्हणजे तात्पुरतं बळ वाढवणारी कार्डं, टाकून दोन टर्नमध्ये खलास करणारा. आणि एका कॉलेजच्या मुलाचा टायरलेस ट्राइब, तोही स्वतःच्याच क्रीचरला टार्गेट करून एका फटक्यात मारणारा. म्हणजे काकांच्या समोरच्या नऊ जणांपैकी चार जण स्वतःच्या क्रीचरला टार्गेट केल्याशिवाय जिंकूच शकत नव्हते. चार राउंडमध्ये सरासरी पावणेदोन वेळा असा कुणीतरी समोर येणार. हा आकडा प्रचंड आहे. समजा मोठी स्पर्धा असती आणि असे डेक वीसात एक असते, तर याच कार्डासाठी साइडबोर्डातल्या तीन जागा अडवणं शुद्ध उधळपट्टी झाली असती. बंद खोलीतला छोटा मेटा (कोण कुठला डेक खेळतं ते चित्र), तीच तीच माणसं, त्यामुळं काकांना इतकं नेमकं औषध परवडलं.

पण किती जागा? काकांनी तीन घेतले आणि त्याचा हिशोब त्यांनी मला नंतर वहीत दाखवला, बँकेतला माणूस. साठच्या डेकमध्ये दोन असतील तर आधी खेळताना तिसऱ्या टर्नपर्यंत नऊ कार्डं बघून होतात, त्यात निदान एक सापडायची शक्यता २८ टक्के. तीन असतील तर ३९. चार असतील तर ४९. चौथा घेतला असता तर दहा टक्के अजून मिळाले असते पण मग बाकी साइडबोर्डाची एक जागा जाते, आणि दुसरा झेंडेवाला हातात आला तर तो पहिल्याच्या मानानं फार कमी काम करतो कारण पहिला जिवंत असेपर्यंत अडवणूक तशीही चालूच असते. म्हणून तीन. मला हे ऐकून बरं वाटलं, म्हणजे मला काही नशिबानं हरवलेलं नव्हतं.

मग त्यांनी दुसरं काही का नाही घेतलं, हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि तिथंच खरा अभ्यास आहे. कार्ड चांगलं की वाईट हे त्याच कामाच्या दुसऱ्या उमेदवारांशी ताडून बघावं लागतं. पांढऱ्यात जर्नी टू नोव्हेअर आहे, उत्तम रिमूव्हल, पण ते टार्गेट करतं आणि बॉगलला टार्गेट करता येत नाही, बाद. होली लाइट आहे, पांढऱ्या नसलेल्या सगळ्या क्रीचर्सना उणे एक उणे एक, नंग्या बॉगलला मारतं, पण तीन माना लागतात आणि तिसऱ्या टर्नपर्यंत बॉगल नंगा राहत नाही. प्रिझमॅटिक स्ट्रँड्स एका रंगाचं डॅमेज त्या टर्नपुरतं थांबवतं, वेळ मिळतो, पण बॉगल वाढतच राहतो. झेंडेवाला दोन मानाचा आहे, काका आधी असतील तर माझ्या पहिल्या ऑराच्या आधी तो टेबलावर येतो. तो बॉगलला मारत नाही, त्याला एक-एकच ठेवतो, आणि एक-एक बॉगल कुणाला भारी आहे? या एका मानाच्या फरकावर सगळं उभं आहे. हेच कार्ड तीन मानाचं असतं तर हे प्रकरण घडलंच नसतं असं माझं ठाम मत आहे. त्याच सेटमध्ये कोअलिशन ऑनर गार्ड आहे, हाच नियम, दोन-चारचा दणकट देह, पण चार मानाचा. माझ्याविरुद्ध तो काय करणार, तो यायच्या आत बॉगल मोठा झालेला असतो.

अजून एक गोष्ट जी काकांनाही आधी लक्षात आली नव्हती. तिसऱ्या राउंडला त्यांच्यासमोर बर्न आला, लाल डेक, चेहऱ्यावर आग फेकणारा. त्यांनी झेंडेवाले आत घेतले, मी मागं उभी राहून बघत होते. समोरच्यानं लायटनिंग बोल्ट काढला आणि "काका, तीन तुम्हाला" म्हणाला, आणि काकांनी मान हलवली. बोल्टचं टार्गेट क्रीचर पण होऊ शकतं ना, मग क्रीचर शक्य आहे, मग झेंडेवाल्यालाच. आधी तो मारा मग माझ्याकडं या. लाव्हा स्पाइकला हे लागू नाही कारण ते क्रीचरला टार्गेट करतच नाही, त्यावरून पाच मिनिटं चर्चा झाली, शेवटी दोन्ही कार्डं शेजारी ठेवून वाचली तेव्हा मिटली. म्हणजे दोन मानात तीन आयुष्य वाचलं आणि समोरच्याचं एक कार्ड गेलं. फार मोठं काम नाही, पण नऊपैकी आणखी एका जणाविरुद्ध ते कार्ड निरुपयोगी राहिलं नाही. खोक्यातलं कार्ड साइडबोर्डात टिकायला असली जोडकामं फार उपयोगी पडतात.

इन्फेक्टवाल्यानं मात्र झुंज दिली. काकांनी झेंडेवाला टाकला तेव्हा तो अजून स्टॅकवर, म्हणजे टाकलेला पण टेबलावर न उतरलेला, असतानाच त्यानं हातातले सगळे पंप एल्फवर ओतले, कारण एकदा तो टेबलावर उतरला की संपलं. ती एकच खिडकी असते. काकांचा टर्न होता, त्यामुळं त्या पंपांनी मार काही बसला नाही, पण हात रिकामा झाला. घाबरून का होईना त्यानं स्वतःच स्वतःची कार्डं जाळली. त्या रविवारी काका चारपैकी तीन जिंकले.

पुढच्या रविवारी त्या ट्राइब खेळणाऱ्या मुलाचा मित्र, दुसरा कॉलेजवाला, झेंडेवाले प्रिंट काढून स्लीव्हमध्ये घालून आला. चार. आणि मेन डेकमध्ये. पहिल्या राउंडला निळ्या पऱ्यांचा फेरीज डेक समोर, दुसऱ्याला ट्रॉन नावाचा डेक. फेरीजविरुद्ध तो नुसता एक-एक, जमिनीवर उभा, वरून पऱ्या उडत जातात. चारपैकी तीन हरला बिचारा आणि वैतागून म्हणाला, "काकांचं चालतं माझं का नाही चालत?" काकांनी त्याला चहा पाजून समजावलं की पहिल्या गेमला तुला समोर कोण आहे माहीतच नसतं, तेव्हा हा माणूस बाहेर बसलेलाच बरा, दुसऱ्या गेमला कळलं की मग आत. साइडबोर्ड आहे म्हणून अशी कार्डं जगतात. बेस्ट ऑफ थ्री नसतं आणि एकच गेम असता तर झेंडेवाला खोक्यातच राहिला असता.

हे फक्त आमच्या क्लबहाऊसमध्ये होतं असं नाही म्हणून दोन मोठी उदाहरणं सांगते. वन विथ नथिंग, २००५ चं, एक काळा माना आणि स्वतःचा सगळा हात टाकून द्या, बास, बदल्यात काही नाही. लोक त्याला खेळातलं सगळ्यात वाईट कार्ड म्हणायचे. २००६ च्या प्रो टूर होनोलुलू या मोठ्या स्पर्धेत आउलिंग माइन नावाच्या डेकचे दोन खेळाडू टॉप एटमध्ये, म्हणजे शेवटच्या आठांत, गेले. तो डेक हाउलिंग माइननं समोरच्याला कार्डांवर कार्डं देतो, आणि हातात सात किंवा जास्त कार्डं झाली की एबनी आउल नेत्सुके दर टर्नला चार डॅमेज करतं. आता हात भरलेला असणं हीच शिक्षा झाली, आणि हात एका मानात रिकामा करणारं कार्ड काही जणांच्या साइडबोर्डात जाऊन बसलं. झेंडेवाल्यासारखंच, समोरच्याच्या डेकनं किंमत दिली.

लँटर्न ऑफ इनसाइट वेगळं. २००४ चं, दोन्ही खेळाडूंच्या डेकचं वरचं कार्ड उघडं ठेवायचं, मुख्य काम एवढंच. त्याला समोरच्यानं काही दिलं नाही, त्याच्या शेजारच्यांनी दिलं. कोडेक्स श्रेडर, घूलकॉलर्स बेल अशी वरचं कार्ड कचऱ्यात टाकणारी छोटी छोटी आर्टिफॅक्ट्स पुढच्या सेट्समध्ये येत गेली, सोबत हल्ले अडवणारा जुना एन्स्नेअरिंग ब्रिज, आणि समोरच्याला काय ड्रॉ होणार हे तुम्ही ठरवायला लागलात. या लँटर्नच्या डेकनं झॅक एल्सिकनं २०१५ मध्ये ओक्लाहोमा सिटीची ग्रां प्री ही मोठी स्पर्धा जिंकली, लुईस साल्वाट्टोनं २०१८ मध्ये बिलबाओची प्रो टूर. मला विचाराल तर लँटर्नचा मार्ग जास्त टिकाऊ, कारण तुमचे शेजारी तुमच्याच डेकमध्ये असतात, ते कुणी काढून घेत नाही. झेंडेवाल्याचं गिऱ्हाईक समोरच्याच्या हातात, तो कधीही उठून जाऊ शकतो.

आणि गेलंच. मी दोन कार्टूश ठेवायचे ते चार केले. मुळात ते दोन एडिक्टवर उतारा म्हणून होते, कार्टूशसोबत एक वॉरियर टोकन येतं आणि बळी द्यायची वेळ आली तर तो देता येतो, झेंडेवाल्याविरुद्ध पण ते चालणार हे माझ्याच डेकमध्ये लिहिलेलं होतं. साइडबोर्डात दोन जर्नी घेतल्या, त्या झेंडेवाल्यालाच उचलायला; जर्नी टेबलावर आल्यावर आपोआप टार्गेट निवडते, तिला झेंडेवाल्याची सक्ती लागू नाही, पण मला तोच हवा होता. मग तिसऱ्या रविवारी इन्फेक्टवाला कंटाळून फेरीजवर गेला. ट्राइबवाल्या मुलाची परीक्षा सुरू झाली. ताईंनी बॉगल्स सोडून मोठ्या समुद्री प्राण्यांचा टेरर डेक बांधला, त्यांना तसेही मासे आवडतात म्हणाल्या. नऊपैकी चार होते तिथं मी एकटी राहिले, आणि मीही तयार होऊन. पावणेदोन वेळाचं अर्धा वेळ पण राहिलं नाही.

काकांनी ते वहीत बघितलंच असणार. चौथ्या रविवारी दुसऱ्या गेमच्या आधी ते साइडबोर्ड चाळत होते, मी वाटच बघत होते की आता तिघं आत येतात, मी कार्टूश हातात राखून ठेवला होता दोन टर्न. ते आलेच नाहीत. काकांनी त्या तीन जागी दुसरंच काहीतरी घेतलं होतं आणि मी विनाकारण कार्टूश धरून बसले, तेवढ्यात पक्ष्यांनी मला खाल्लं. गेम संपल्यावर विचारलं, "काका, झेंडेवाले कुठं गेले?"

"खोक्यात," म्हणाले. "पण तू खेळलीस ते होते असं समजूनच ना?" आणि वही उघडून माझ्या पानावर लिहायला लागले.